अंथरलेली गल्ली

माणूस आडवा झाला की त्याचं खरं माप कळतं. उभा असताना श्वास धरून पोट आत ओढणारा आमचा न्हावी खाकी कागदावर आडवा पडला, तेव्हा ते पोट दोन्ही अंगांनी निवांत पसरलं. मी त्याच्याभोवती खडू फिरवायला लागलो तसा तो डोळे न उघडताच म्हणाला, "मास्तर, कमरेला जरा आतून घ्या की."

"बॉम्ब आतून घेणार आहे का?" मी विचारलं.

त्याने पोट पुन्हा आत ओढलं. बाई मात्र माझ्याकडे बघून हसल्या, कारण असलं काहीतरी मी बोलणार हे त्यांना एव्हाना पाठ झालं होतं.

मला गल्लीत सगळे मास्तर म्हणतात. शाळेतला नव्हे, कापडातला. कापड कापण्यात माझा उभा जन्म गेला. शाळेतल्या त्या बाई. भूगोल शिकवायच्या, निवृत्त झाल्या तरी खडूची सवय गेली नाही आणि चार माणसांना एका रांगेत उभं करायची हौसही गेली नाही. सरकार नवीन अण्वस्त्रं घेणार, त्यासाठी राजधानीत मोठी बैठक बसणार, अशी बातमी आली त्या आठवड्यात त्या माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तुमची कात्री हवी आहे," म्हणाल्या.

"कात्री मी कुणाला देत नाही."

"मग कात्रीसकट तुम्ही या."

वाचनालयामागे एक खोली आहे. पूर्वी तिथे बुद्धिबळ चालायचं, हल्ली जुन्या खुर्च्या ठेवतात. तिथे त्यांनी गल्लीतल्या लोकांना गोळा केलं आणि एक गोष्ट सांगितली. फार वर्षांपूर्वी एका शहरावर बॉम्ब पडला, तेव्हा एका बँकेच्या दगडी पायरीवर कुणीतरी दार उघडायची वाट बघत बसलं होतं. उजेड एवढा झाला की बाकीचा दगड पांढरा पडला आणि माणसाच्या आडोशाचा तेवढा काळा राहिला. माणूस गेला, पायरीवर सावली राहिली. "आपल्याला मोठमोठे फलक लिहायचे नाहीत," बाई म्हणाल्या. "आपली गल्ली जेवढी लांब आहे तेवढं पांढरं कापड करायचं. त्यावर गल्लीतल्या प्रत्येकाची काळी सावली शिवायची. राजधानीत जाऊन त्यांच्या दारासमोरच्या रस्त्यावर ते अंथरायचं. ज्याला बैठकीला जायचंय त्याने आमच्या अंगावर पाय देऊन आत जावं."

कल्पना वाईट नव्हती. पण खरं सांगायचं तर मी हो म्हटलं ते संध्याकाळसाठी. बायको गेल्यापासून संध्याकाळ हा प्रकार मला झेपत नव्हता. दुपारपर्यंत माणूस काहीबाही करत राहतो, एक कप विसळतो, एक ताट पुसतो. दिवे लागले की घर अंगावर येतं. जगात शांतता हवी असं मलाही वाटत होतं, पण माझ्या घरात ती जरा जास्तच झाली होती.

काम असं. माणूस कागदावर झोपायचा, मी त्याच्याभोवती रेघ मारायचो, तो कागद कापून त्याचा फार्मा करायचो आणि त्यावरून काळं कापड कापायचो. पडदे, जुने झगे, छत्र्यांची कापडं, काय वाटेल ते काळं आम्ही जमवलं होतं. मग बायका ते पांढऱ्या कापडावर शिवायच्या. कुणी कसं झोपायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं, पण बाईंचा एक नियम होता: कापडावर घरं गल्लीतल्या क्रमाने लागतील आणि एका घरातल्या माणसांनी एकमेकांना कुठेतरी स्पर्श केलेला असेल. बेकरीवाली तिच्या नवऱ्याच्या दंडावर डोकं ठेवून झोपली. कोपऱ्यावरच्या नर्सने तान्हं मूल छातीवर घेतलं, तर दोघांची मिळून एकच आकृती झाली, मूल वेगळं दिसेना.

तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. जोडीने झोपलेल्या माणसांना शिलाई कमी लागते. जिथे एकाचं अंग दुसऱ्याला टेकतं तिथे कडाच नसते, मग शिवणार काय? एकट्या माणसाला मात्र डोक्यापासून टाचेपर्यंत चारी बाजूंनी शिवावं लागतं. मी हे बेकरीवालीला सांगितलं, तर ती म्हणाली, "मास्तर, तुम्हाला कुठेही खर्चच दिसतो." मी पुढचा कागद ओढला.

"तुमच्या घरात कोण कोण?" बाईंनी वही न उघडता मला विचारलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं.

"मी एकटा."

"आणि वरच्या मजल्यावर?"

"तो वरच्या मजल्यावर आहे. माझ्या घरात नाही."

तो म्हणजे माझा धाकटा भाऊ. एकच घर, खाली मी, वर तो. आमचं दुकानही एकच होतं. मी कापायचो, तो शिवायचा. त्याच्यासारखी सरळ टीप मारणारा मी दुसरा पाहिला नाही, आणि हे मी त्याच्या तोंडावर कधी म्हटलेलं नाही. मग एकदा एका नवरदेवाचा कोट लग्नाच्या आदल्या दिवशी अंगात शिरेना. भरल्या दुकानात मी म्हणालो की शिलाई खोल गेलीय. तो म्हणाला, "कापणाऱ्याला विचारा किती सोडलं होतं." झालं. त्याने मशीन उचलून वर नेलं, मी दुकानाला कुलूप लावलं. नवरदेव मधल्या दिवसांत सुटला असेल, ही साधी गोष्ट आम्हा दोघांपैकी एकालाही सुचली नाही. दोन देश भांडतात तेव्हा निदान त्यांची बाजू मांडायला वकील तरी असतात. आमच्यात एकच वकील होती, माझी बायको. ती दोघांचीही बाजू घ्यायची. भाजीची वाटी घेऊन ती वर जायची, रिकामी वाटी आणि वरची खबर घेऊन खाली यायची. ती गेली आणि तो जिना नुसता जिना राहिला.

पहिल्या दहाबारा सावल्या शिवून झाल्या आणि बाईंनी त्या खोलीत अंथरल्या. बेकरीवाली स्वतःसमोर उभी राहिली आणि किंचाळली, "अगं बाई, ही मी? ही तर आमची भट्टी आहे!" खोलीभर हशा पिकला. मग एकेकाने आपापली सावली बघितली आणि हशा ओसरला. सगळेच फुगले होते. नर्सचा हात मांडीएवढा दिसत होता. न्हाव्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याचा सूड घेतला होता.

मी खाली बसून कड बघितली आणि माझ्या लक्षात आलं. सवय. कापड हातात आलं की शिलाईसाठी कडेने जास्तीचं सोडायचं, हे मला कुणी सांगावं लागत नाही. रेघेवर कापायचं होतं, मी रेघेच्या बाहेरून कापत गेलो होतो. बायकांनी कड न दुमडता तशीच वरून टाके घालून टाकली होती.

"मार्जिन सोडलंय होय," नर्स म्हणाली. ती घरी थोडंफार शिवायची. तिने कडेला बोट लावून पाहिलं. "पण मास्तर, अर्धं बोट पुरे असतं. हे तर पुरतं बोटभर आहे."

"सवय," मी म्हणालो.

बोटभर का, ते सांगितलं नाही. सगळे शिंपी अर्धं बोट आत शिवतात. माझा भाऊ बोटभर आत शिवायचा. अगदी सुरुवातीपासून. म्हणायचा, कड जेवढी आत तेवढी शिवण पक्की. म्हणून मी त्याच्यासाठी बोटभर सोडायचो. इतकी वर्षं त्याने माझं कापलेलं काही शिवलं नव्हतं आणि माझा हात अजून त्याच्याच मशीनसाठी कापत होता. हे कळल्यावर मला स्वतःचाच राग आला. मी कात्री पिशवीत टाकली आणि डोकं दुखतंय म्हणून घरी निघून आलो.

बायकांनी टाके उसवले, पण हाताने कड आत दुमडायला गेल्यावर बोटांपाशी सुरकुत्या पडायला लागल्या. काम गोगलगाईच्या चालीने होऊ लागलं. शेवटी बाई माझ्याकडे आल्या.

"मशीन वर आहे," म्हणाल्या. "मी कापड नेऊन देते. तुम्ही बोलू नका, कोण आग्रह करतंय."

"तुम्हाला काय करायचं ते करा. गल्ली तुमची आहे."

"गल्ली सगळ्यांची आहे, मास्तर. म्हणून तर एवढा खटाटोप."

त्या गठ्ठा घेऊन वर गेल्या. संध्याकाळी मी टेबलावर कापड पसरून बसलो होतो आणि डोक्यावर आवाज सुरू झाला. आधी एक गचका, मग खडखड, मग ती लय. माझ्या हातात कात्री तशीच राहिली. जमिनीतून गाडी जावी तसं छत बारीक थरथरत होतं. मी वर बघत बसलो. मान दुखायला लागली तेव्हा कुठे भानावर आलो.

शिवून आलेल्या सावल्या बाईंनी दुसऱ्या दिवशी मला दाखवल्या. सगळी माणसं आपापल्या मापात परत आली होती. बेकरीवाली पुन्हा बेकरीवाली झाली होती. मी कापड उलटं केलं. कड बोटभर आत, सगळीकडे सारखी, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा.

"छान झालंय ना?" बाईंनी विचारलं.

"चालेल," मी म्हणालो.

मग आमचं दुकान पुन्हा सुरू झालं, एवढंच की मधे बाई होत्या. मी खाली कापायचो, बाई वर न्यायच्या, छत वाजायचं. मशीन क्षणभर थांबलं की मला कळायचं, त्याने वळण घेतलं. जास्त वेळ थांबलं की मी कान टवकारायचो. जिन्यावर त्याला दम लागतो हे मी ऐकलं होतं. मग पुन्हा खडखड सुरू व्हायची आणि मी मनातल्या मनात त्याला शिवी द्यायचो. त्याचे डोळे अधू झालेत असं बाई सहज बोलून गेल्या, तेव्हापासून मी काळ्या कापडावर वळणाच्या जागी पांढऱ्या दोऱ्याचा एकेक टाका घालून द्यायला लागलो. शिवून आलेल्या कापडावर तो टाका काढलेला असायचा, मागे भोकसुद्धा दिसायचं नाही. मी काम मुद्दाम पुरवून पुरवून द्यायचो. रोज थोडं. रोज संध्याकाळी छत वाजलं पाहिजे, असा माझा स्वार्थ होता. आणि तरीही जिना चढायचं नाव मी काढलं नाही. तो तरी कुठे उतरला?

गल्ली संपत आली. एके दिवशी बाई कापड न घेताच आल्या आणि खुर्चीवर बसल्या.

"ते रविवारी जातायत," म्हणाल्या. "मुलगा न्यायला येतोय. आता तिकडेच राहतील. डोळ्यांचं बघायला हवं, आणि जिना काही त्यांना झेपत नाही."

मी कापडावर खडूने उगाच एक रेघ मारली.

"आणि बैठक?"

"बैठक त्यानंतरच्या बुधवारी. तोवर ते नसतील इथे." बाईंनी वही उघडली. "त्यांची सावली राहिलीय, मास्तर. तुमचीही. तुमचं घर तेवढं रिकामं आहे आता."

"माझी तुम्हीच काढा," मी म्हणालो. स्वतःच्या भोवती स्वतःला रेघ मारता येत नाही, एवढा एकच माणूस होता ज्याला मी मापू शकत नव्हतो.

शनिवारी मी वाचनालयामागच्या खोलीत कागदावर झोपलो. छताला एक कोळ्याचं जाळं होतं. बाई गुडघ्यांवर बसून खडू फिरवत होत्या, चंद्राचा नकाशा काढल्यासारखी रेघ वाकडीतिकडी.

"हात जरा पसरा की," त्या म्हणाल्या. "सैनिकासारखे काय पडलाय?"

"पसरून काय करू? मला कोण धरणार आहे?"

बाईंनी माझे हात अंगाला चिकटलेले होते तसेच काढले.

मी उठून गुडघे झटकतोय तेवढ्यात दारातून काठीचा आवाज आला. तो आत आला. किती लहान झाला होता! माझ्या आठवणीत तो माझ्यापेक्षा उंच होता. खोलीत बायका शिवत बसल्या होत्या, त्यांचे हात थांबले. तो कुणाकडे न बघता कागदापाशी आला, काठी ठेवली आणि बाईंच्या खांद्याचा आधार घेत आडवा झाला. कुशीवर. एक हात उशाला, दुसरा लांब पसरलेला. खांदा दुखत असेल, असं मला वाटलं.

मला त्याच्याभोवती फिरावंच लागलं. पायांपासून सुरुवात केली. मोज्याला रफू होतं, त्याच्याच हातचं. मग गुडघा, मग कंबर, हाडावर नुसती पँट लटकलेली. मशीनच्या तेलाचा वास येत होता. पसरलेल्या हाताच्या पहिल्या बोटावर जुना वण होता. लहानपणी सुई आरपार गेली तेव्हा ती मीच उपसली होती. रेघ मारताना माझा खडू त्या बोटाभोवती हळू झाला. त्याने डोळे मिटले होते. तो कागदावरून बाजूला सरकल्यावर मी फार्मा कापला, काळ्या कापडावर टाकला आणि तिथेच, सगळ्यांसमोर, कापायला घेतलं. कात्री रेघेच्या बाहेरून चालत होती. तो कोपरावर रेलून बघत होता.

"अजून तेवढंच सोडतोस?" तो म्हणाला.

इतक्या वर्षांत पहिलं वाक्य. आणि मला काय ऐकू यावं? मला तो कोट ऐकू आला. भरलं दुकान ऐकू आलं. कापणाऱ्याला विचारा. आताही लोक भोवती बसलेले, आताही तोच प्रश्न. माझं टाळकं सटकलं. मी सावली कापून पुरी केली, घडी घातली, बाईंच्या हातात दिली आणि म्हणालो, "झालं. पुढचा कोण?"

पुढचा कुणीच नव्हता. ते खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. त्यालाही. त्याने थोडा वेळ माझ्याकडे बघितलं, मग बाईंना हात दिला आणि उठला.

त्या संध्याकाळी छत शेवटचं वाजलं. त्याने स्वतःची सावली स्वतःच शिवली.

रविवारी सकाळी पुतण्याची गाडी आली. बॅगा उतरल्या, पेट्या उतरल्या, मशीन दोघांनी मिळून उतरवलं. सगळं मी दाराआड उभा राहून ऐकलं. शेवटी काठी उतरली. एकेक पायरी, मधे थांबा. माझ्या दारापाशी ती थांबली. तो दम घेत होता की आणखी कशासाठी थांबला होता, मला माहीत नाही. माझा हात कडीवर होता. आतून मी, बाहेरून तो, मधे एक फळी. कडी काढायला किती वेळ लागतो? तो दार ठोठावेल मग काढू, असं मी ठरवलं. तोही बहुधा असंच काहीतरी ठरवून उभा होता. मग काठी पुढे गेली. गाडीचं दार लागलं. मी तसाच उभा राहिलो आणि कडीवर डोकं टेकून रडलो. एवढ्या वयात, दाराआड, एकटा.

नंतरचे दिवस छत गप्प होतं.

बुधवारी पहाटे आम्ही बसमधून गेलो. कापडाची गुंडाळी एवढी जाड झाली होती की तिच्यासाठी मागची सगळी बाकं गेली. राजधानीतला तो रस्ता रुंद, दोन्हीकडे झाडं, शेवटी मोठं फाटक आणि फाटकासमोर पोलीस. इतर गावांहून, इतर वस्त्यांमधूनही लोक आले होते. कुणी काय विणून आणलं होतं, कुणी काय भरून. आम्ही गुंडाळी जमिनीवर ठेवली आणि ढकलत नेली. आमची गल्ली रस्त्यावर उलगडत गेली: न्हावी, नर्स आणि तिचं मूल, बेकरी, वाचनालयाचा शिपाई, बाई, आम्ही. एक पोलीस हळूच बघून म्हणाला, "इतकी माणसं एका गल्लीत राहतात?" तो मागे सरकला, कापडावर बूट पडू नये म्हणून.

ठरलं होतं असं की पहिली शिट्टी वाजली की प्रत्येकाने आपापल्या सावलीवर झोपायचं, दुसरी वाजेपर्यंत उठायचं नाही. मी माझ्या सावलीपाशी आलो. बाईंची वाकडी रेघ, हात अंगाला चिकटलेले. शेजारी त्याची. बाईंनी आमचं घर अंथरताना नियम पाळला होता. त्याचा तो लांब पसरलेला हात माझ्या बाजूला आला होता. बोटं माझ्या दंडापाशी टेकलेली. खांदा दुखत नव्हता तर त्याचा. कुणाच्या शेजारी ठेवणार आहेत, हे तो बाईंना आधी विचारून आला असणार.

शिट्टी वाजायच्या आधी एक परकी बाई आली. तिची कुठेच सावली नव्हती, ती दुसऱ्या शहरातून आली होती. "ही रिकामी आहे का? मी झोपू?" म्हणाली आणि चप्पल काढून तिने पाय टाकला.

"नको!" मी ओरडलो. आजूबाजूचे वळून बघायला लागले. "ती जागा घेतलेली आहे."

ती बिचारी घाबरून मागे सरली. तेवढ्यात एक फोटोवाला धावत आला. "एक मुद्दाम रिकामी ठेवलीत ना? फार छान कल्पना आहे," तो म्हणाला.

"कल्पना नाहीये. माझा भाऊ आहे तो."

त्याने कॅमेरा खाली केला. आवाज बारीक करून विचारलं, "कधी वारले?"

"वारतोय कशाला! मुलाकडे राहायला गेलाय. चांगला जिवंत आहे."

शिट्टी वाजली. सगळा रस्ता एकदम आडवा झाला. माणसांनी आपापल्या सावल्या झाकून टाकल्या, काळं कुठेच दिसेना, फक्त माणसं. मीही झोपलो आणि मान वळवली. एवढ्या लांब कापडावर एकच सावली उघडी होती. काळी, चपटी, हात पसरलेली, आत कुणी नाही. बाईंनी सांगितलेली ती पायरी मला तेव्हा कळली. खरं सांगतो, मी घाबरलो. एक मोठा उजेड होईल आणि आम्ही दोघं होतो तसेच राहू, तो पसरलेला, मी आवळलेला, मधे एक फळी. मग कुणी कितीही वर्षं बघितलं तरी त्यात काही बदल होणार नाही.

मी खिशातून फोन काढला. फोन बायकोचा. तिने नंबर 'भाऊजी' म्हणून ठेवला होता. मी तो कधी पुसला नव्हता आणि कधी लावलाही नव्हता.

बराच वेळ वाजत राहिला. मग अगदी सावध आवाज आला, "कोण?"

"मी."

पलीकडे काठी आपटली. मग, "वहिनीचं नाव दिसलं रे. घाबरलो मी." आणि मग, "दादा?"

"पोचलास का?" मी विचारलं. दुसरं काही तोंडात येईना.

"कधीच पोचलो. आत्ता विचारतोयस?"

"हो."

"आवाज कसला येतोय? कुठे आहेस?"

"रस्त्यावर. आडवा."

"पडलास?" त्याचा आवाज चढला. "लागलं का कुठे? शेजारी कोण आहे?"

"पडलो नाही रे. बाईंचा मोर्चा आहे. सगळी गल्ली झोपलीय." मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "शेजारी तुझी जागा आहे. एक बाई झोपणार होती, मी हाकललं तिला."

"का पण? झोपू द्यायचं होतं बिचारीला."

"नाही."

तो हसला का, मला कळलं नाही. फोनमध्ये त्याचा श्वास येत होता, तोच दमलेला. मी दंड जरा सैल केला, बाईंच्या रेघेच्या बाहेर काढला आणि हात त्याच्या बाजूला ठेवला. कापड उन्हाने तापलं होतं.

"तू त्या दिवशी विचारलंस ना," मी म्हणालो. "तेवढंच सोडतो. दुसरं हाताला येतच नाही."

"म्हणून तर विचारलं," तो म्हणाला.

मंत्री मागच्या फाटकाने आत गेले असं कुणीतरी ओरडत आलं. लोकांनी घोषणा दिल्या. दुसरी शिट्टी वाजली, सगळे कपडे झटकत उठले आणि पलीकडच्या टोकाकडून कापड गुंडाळायला सुरुवात झाली. बाई लांबून मला हात करत होत्या, मास्तर, उठा. मी पडून राहिलो. त्याने अजून फोन ठेवला नव्हता.